पाण्यातला वारा

आमच्या संतकवींनी मासोळीला फार राबवले आहे. पाण्याबाहेर पडलेली, तळमळणारी, पाण्याकडे डोळे लावून बसलेली मासोळी! देवाच्या विरहाने व्याकूळ झालेल्या भक्ताला याहून चपखल उपमा सापडणे कठीण. गेली वीस वर्षे वर्गात अभंग शिकवताना मी ही उपमा शेकडो वेळा समजावून सांगितली आहे. पण दरवेळी ती समजावताना मनात एक दुसरीच मासोळी येते आणि मी क्षणभर अडखळतो. ती पाण्याबाहेर पडलेली नाही. ती भर पाण्यात आहे आणि तरीही तळमळते आहे. अशा मासोळीची उपमा आपल्या जुन्या वाङ्मयात मला कुठे आढळली नाही. आढळावी तरी कशी? पाण्यात राहून मासा गुदमरेल, ही कल्पनाच त्या काळी कुणाला शिवली नसेल.

मी ती मासोळी पाहिली, तेव्हा सातवीत होतो.

नाशिक जिल्ह्यातले नदीकाठचे आमचे गाव. मार्च महिना, परीक्षेचे दिवस. पहाटे उठून अभ्यास करावा म्हणून वडिलांनी हाक मारून उठवले आणि तोंड धुवायला म्हणून मी घाटावर गेलो. अजून पुरते उजाडले नव्हते. पाण्यावर पाऊस पडावा तसा बारीक टपटप आवाज येत होता. आभाळ तर स्वच्छ! खाली वाकून पाहिले, तर नदीच्या पृष्ठभागावर जिकडेतिकडे माशांची तोंडे. शेकडो, हजारो. उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. एरवी माणसाची सावली पडताच पळणारे मासे माझ्या हाताजवळ आले, तरी हलेनात.

घाटाच्या खालच्या पायरीवर गावातले म्हातारे भोई बसले होते. आम्ही सारी मुले त्यांना नुसते आबाच म्हणत असू. त्यांचे जाळे तसेच खांद्यावर होते.

"आबा, आज तर हातानं धरता येतील!" मी हरखून म्हणालो.

आबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "धरू नको, पोरा. त्यांना वारा मिळंना झालाय. पाण्यातला वारा संपला."

ऊन वर आले तेव्हा नदी पांढरी झाली होती. मरळ आणि वाम तेवढे अजून वळवळत होते. बाकी शिंगाडे, खवली, वीतभर रोहू, सारे पोट वर करून काठाला लागले होते. पाण्याला चहाच्या चोथ्याचा रंग आला होता आणि आंबूस, गोडसर, नकोसा वास सुटला होता. तो वास आमच्या ओळखीचा होता. वरच्या अंगाला साखर कारखाना होता. गाळप ऐन भरात होते. जिल्ह्यात तेव्हा कारखाने अनेक होते. तो कोणता, हे सांगण्यात आता हशील नाही.

आणि सांगण्याचा मला तोंडही नाही. कारण माझे वडील त्याच कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून होते. रात्री जेवताना मी विचारले, "दादा, मासे कशानं मेले?" वडिलांनी घास खाली ठेवला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "कारखाना बंद पडला, तर तुझी फी कोण भरील?"

माझी फी पुढेही भरली गेली. एम्. ए. पर्यंत भरली गेली. आबांच्या जाळ्याला मात्र त्या साली पावसाळ्यापर्यंत काही लागले नाही.

गोड पाण्याचे विष

आता विष म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे पारा येतो, सोमल येते, रासायनिक कारखान्यांची रंगीबेरंगी गटारे येतात. साखर, दूध, द्राक्षे, बटाटा, साबुदाणा ही तर आपल्या ताटातली मंडळी. त्यांचे धुवण कुणाला काय बाधणार? पुष्कळ वर्षे मीही असेच समजत होतो. मग आमच्याच महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक स्नेही भेटले आणि त्यांनी एका दुपारी चहाच्या टेबलावर माझा हा भ्रम दूर केला.

त्यांनी कपातले दूध माझ्यापुढे सरकवले आणि विचारले, "हे एवढे दूध नदीत ओतले, तर काय होईल?"

"काय व्हायचे! मासे पितील."

"मासे नाही, जंतू पितील," ते म्हणाले. "आणि जंतूंना ते पचवायला प्राणवायू लागतो. तो ते माशांच्या तोंडचा काढून घेतात."

मग त्यांनी हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण तो कळला की हा सारा विषय कळतो. हवेत प्राणवायू मुबलक आहे. एक लिटर हवेत तो सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. पाण्यात मात्र तो फार थोडा विरघळतो. पंचवीस अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यात, लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे आपण ज्या श्रीमंतीत श्वास घेतो, तिच्या तिसाव्या हिश्श्यावर मासा संसार करतो. हा साठा ४-५ मिलिग्रॅमच्या खाली गेला, की बहुतेक मासे अस्वस्थ होतात आणि एक-दोनवर आला, की मरू लागतात.

आता दुसरी बाजू. कोणतेही सेंद्रिय सांडपाणी कुजून शुद्ध होताना किती प्राणवायू खाईल, याचे एक माप असते. त्याला जैव प्राणवायू मागणी म्हणतात. कागदोपत्री 'बीओडी' या नावाने ते सगळीकडे चालते. घरगुती सांडपाण्याची ही मागणी लिटरमागे साधारण दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम. आणि निर्भेळ दुधाची? सुमारे एक लाख मिलिग्रॅम!

म्हणजे एक लिटर दूध नदीत सांडले, तर ते पुरते कुजताना साडेबारा हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू फस्त करू शकते. रस्त्याने जाणारा पाण्याचा टँकर साधारण दहा हजार लिटरचा असतो. माझ्या पुढ्यातल्या दीडशे मिलिलिटरच्या कपाचा हिशेब केला, तर गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ दोन टाक्या. नदी वाहती असते, हवेतून नवा प्राणवायू घेत असते, म्हणून प्रत्यक्षात एवढे होत नाही, हे खरे. पण मार्च-एप्रिलात नदी वाहती असते कुठे?

मी तो चहा प्यालो, पण त्या दिवसापासून नासलेले दूध मोरीत ओतताना आमच्या घरात सगळ्यांचाच हात थांबतो. ते आता तुळशीच्या नव्हे, पण नारळाच्या आळ्यात जाते!

ताटामागची गटारे

आपल्या नाशिक जिल्ह्यापुरते पाहू. जिल्हा ऊस, द्राक्ष, कांदा, टोमॅटो यांनी भरलेला. त्यामुळे साखर कारखाने, आसवन्या, दूध प्रकल्प, द्राक्षमदिरेचे कारखाने, भाजीफळांवर प्रक्रिया करणारे उद्योग असा मोठा गोतावळा येथे जमला. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिकच्या नावाला मदिरेची नवी ओळख लाभली. यात वाईट काहीच नाही. द्राक्ष बागायतदाराला चार पैसे मिळाले, तरुणांना काम मिळाले. पण प्रत्येक धंद्याचे एक सांडपाणी असते, आणि त्याचा आपापला स्वभाव असतो.

साखर कारखान्याच्या पाण्यात साखर, तेल आणि यंत्रे धुताना वापरलेला कॉस्टिक सोडा असतो. दूध प्रकल्पाच्या पाण्यात दूध, निवळी, चरबी, शिवाय नळ्या धुण्यासाठी वापरलेली आम्ले आणि क्षार. द्राक्षमदिरेच्या कारखान्यात टाक्या धुतात तेव्हा साले, यीस्ट आणि आंबट पाणी बाहेर पडते. आंबट इतके की त्या आंबटपणानेच कल्ले होरपळावेत.

या सर्वांचा दादा म्हणजे आसवनी. साखर काढून उरलेल्या काळ्या मळीपासून मद्यार्क काढतात. एका लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर तपकिरी, उकळते, आंबट पाणी उरते आणि त्याची प्राणवायूची मागणी लिटरमागे चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असते. रोज तीस हजार लिटर मद्यार्क काढणारी आसवनी मोठी समजली जात नाही. लिटरमागे दहा लिटर धरले, तरी तिचे पाणी दिवसाला तीन लाख लिटर झाले. ते शुद्ध न करता सोडले, तर सुमारे एकशे अडुसष्ट कोटी लिटर पाणी निष्प्राण करण्याची ताकद त्या एका दिवसाच्या पाण्यात आहे. शिवाय त्याचा गडद रंग सूर्यप्रकाश अडवतो. मग पाण्यातल्या शेवाळाला दिवसा प्राणवायू तयार करता येत नाही. खाणारे वाढले आणि रांधणारे बसले, अशी नदीची गत होते.

आणि काळाचा योग तर पाहा. उसाचे गाळप दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. द्राक्षांची मदिरेसाठी तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे सांडपाणी सर्वांत जास्त असते, नेमकी तेव्हाच नदी सर्वांत क्षीण असते. त्यात पाणी तापले, की त्यात प्राणवायू विरघळतोही कमी, आणि माशाला लागतो मात्र जास्त. रात्री शेवाळही प्राणवायू सोडण्याऐवजी ओढून घेते, म्हणून साठा पहाटे तळाला जातो. आबांचे मासे पहाटे का मेले, हे कोडे मला असे तीस वर्षांनी उलगडले.

आता उपासाच्या ताटाकडे वळू, कारण आपण सारे त्यातही सापडतो. आषाढी-कार्तिकीला घरोघर शिजणारा साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने येतो. तो ज्या कंदापासून होतो, त्या कसाव्यात, विशेषतः त्याच्या सालीत, एक द्रव्य असते. कंद किसला, की त्यातून सायनाइड सुटते. पाणी आणि उष्णता यांच्या संस्काराने ते निघून जाते आणि आपल्या खिचडीत बाधण्यासारखे काही उरत नाही. पण धुतलेल्या पाण्यात ते उरते. माणसाच्या मानाने मासा सायनाइडला फार हळवा. लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची मात्राही अनेक जातींना पुरते. इथे मरणाची तऱ्हाही वेगळी. मळीच्या पाण्यात माशाला प्राणवायू मिळत नाही. सायनाइडच्या पाण्यात तो मिळतो, रक्तात पोचतो, पण शरीरातल्या पेशींना तो वापरताच येत नाही. समोर वाढलेले ताट आहे आणि हात बांधलेले आहेत!

माशाच्या कल्ल्यात काय घडते

स्नेह्यांनी एकदा मला प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली माशाचा कल्ला दाखवला. निरोगी कल्ला म्हणजे नव्या कंगव्यासारखा. बारीक, सरळ, एकमेकांपासून सुटे दाते, आणि प्रत्येक दात्यावर आणखी नाजूक पडदे. या पडद्यांतून रक्त वाहते आणि पाण्यातला प्राणवायू टिपते. नंतर त्यांनी सांडपाण्याचा अंश मिसळलेल्या पाण्यात काही दिवस राहिलेल्या माशाचा कल्ला दाखवला. दाते सुजलेले, पडदे एकमेकांना चिकटलेले, वर बुळबुळीत थर. त्रास होऊ लागला, की मासा स्वतःला वाचवण्यासाठी कल्ल्यावर चिकट द्रव सोडतो. पण तो थर जाड झाला, की त्यातूनच श्वास अडतो. वाचण्याची धडपडच जिवावर बेतते.

आपल्या देशातल्या अनेक विद्यापीठांत असे प्रयोग झाले आहेत. रोहू, कटला, मृगळ अशा माशांना साखर कारखान्याच्या, आसवनीच्या, साबुदाण्याच्या पाण्याच्या वेगवेगळ्या मात्रांत ठेवतात आणि ९६ तासांत निम्मे मासे कोणत्या मात्रेला मरतात, ते पाहतात. जे मरत नाहीत, त्यांचीही तपासणी होते. त्यांच्या यकृतातला साखरेचा साठा उतरलेला दिसतो. रक्तातल्या घटकांचे प्रमाण बदललेले दिसते. ते खातात कमी, वाढतात हळू, अंडी घालतात थोडी. म्हणजे नदीत मेलेला मासा तरंगला नाही, म्हणून नदी सुखरूप आहे असे नाही. एखाद्या घरात कुणी मेले नाही, पण मूलही जन्मले नाही, तर ते घर किती दिवस नांदेल?

आणखी एक गोष्ट. सगळे मासे सारखे नसतात. मरळ आणि मागूर यांना कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय असते. आमच्या घाटावर मरळ शेवटपर्यंत का तगली होती, ते यावरून कळले. चिलापीही वाईट पाण्यात बरीच तग धरते. त्यामुळे घाण वाढत गेली, तरी नदीत मासे दिसत राहतात आणि बाजारात टोपलीही भरते. पण टोपलीतली नावे कमी होत जातात.

देवळालीचा पाहुणा नव्हे, घरधनी

नावांवरून आठवले. नाशिककरांना देवळाली ठाऊक आहे ती छावणीसाठी आणि हवेसाठी. पण प्राणिशास्त्राच्या जगात देवळालीचे नाव एका माशामुळे कोरले गेले आहे. १९३८ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे डॉ. सुंदरलाल होरा आणि त्यांचे सहकारी मिश्रा यांनी मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात दारणा नदीत देवळालीजवळ मिळालेल्या एका चिमुकल्या माशाची शास्त्रीय नोंद केली. मंडळाचे अभिरक्षक प्रेटर यांच्या नावावरून त्याला 'पॅरासायलोऱ्हिंकस प्रेटेरी' असे लांबलचक नाव दिले. मासा एवढासा आणि नाव एवढे! वाहत्या पाण्यात दगडांच्या आश्रयाने राहणारा हा जीव. आज निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे निसर्गातून नामशेष.

वाघासाठी आपण अरण्ये राखली आणि ते योग्यच केले. पण आपल्याच गावाचे नाव मिरवणारा, सबंध जगात आपल्याच मुलखापुरता असणारा हा मासा आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला स्वतःला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हता.

हीच दारणा पुढे गोदावरीला मिळते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरला ब्रिटिश अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, बंधारा बांधला गेला. त्याच्या पाणथळीत हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. १९८६ साली ते पक्षी अभयारण्य झाले आणि २०२० साली 'रामसर' यादीत स्थान मिळवणारे महाराष्ट्रातले ते पहिले ठिकाण ठरले. आम्ही मुलाबाळांना घेऊन तिथे दुर्बिणी लावून पक्षी बघायला जातो. पण त्या पक्ष्यांपैकी कितीतरी माशांवर जगतात आणि ते मासे वरून येणाऱ्या पाण्यावर. दुर्बीण वर रोखली, की खालचे दिसत नाही, एवढेच.

कायद्याच्या दरबारी मासा

कायदा नाही म्हणून हे घडते, असे म्हणावे तर तसेही नाही. १८९७ सालच्या मत्स्य कायद्यात पाण्यात विष, चुना वा अपायकारक द्रव्य टाकून मासे मारणे हा गुन्हा ठरवला होता. मात्र त्यात एक मेख होती: मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने टाकले असले पाहिजे. कारखान्याचा हेतू मासे मारण्याचा थोडाच असतो! त्याचा हेतू असतो साखर करण्याचा. बाकी काय होते, ते होते.

पुढे १९६९ साली महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. १९७४ मध्ये साऱ्या देशासाठी कायदा झाला. नदीत सोडण्याच्या पाण्याची प्राणवायू मागणी लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे मानक आले. आणि त्याच नियमांत एक कलम असे आहे, की ते वाचून मी थक्क झालो. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात, त्यात दुसरे पाणी न मिसळता, मासे सोडायचे आणि ९६ तासांनी त्यांतले शेकडा ९० जिवंत असले पाहिजेत! म्हणजे कायद्याने अखेर माशालाच न्यायाधीश नेमले आहे. चार दिवस तो पाण्यात बसून निकाल देणार.

एवढा न्यायाधीश असूनही २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, तेव्हा त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात निघाले. कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. नाशकातली आपली गंगा त्यांत होती. त्याआधी २०१२ मध्येच नाशिकच्या काही जागरूक नागरिकांनी गोदावरीसाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते.

मात्र इथे आपणही आपल्या पदरात पाहिले पाहिजे. नदीत जाणाऱ्या घाणीत शहरांच्या सांडपाण्याचा वाटा फार मोठा असतो. कारखान्याच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आपल्या सदनिकेचे पाणी कुठे जाते, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? रामकुंडावर दिवा सोडताना आपण डोळे मिटतो. ते मिटलेलेच राहतात.

मामेभावाचे म्हणणे

माझा एक मामेभाऊ साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला, तेव्हा मी हा विषय काढला. त्याला राग येईल असे वाटले होते. तो शांतपणे म्हणाला, "दादा, आमच्याकडं इलाज नाही असं कुणी सांगितलं? इलाज आहे. तो रोज करावा लागतो, एवढंच."

मग त्याने सांगितले ते असे. आसवनीचे पाणी बंद टाक्यांत हवेशिवाय कुजवले, तर त्यातून जळणाचा वायू मिळतो आणि तो बॉयलरला वापरता येतो. उरलेले पाणी आटवून साखर कारखान्याच्याच गाळात मिसळले, की शेताला खत होते. किंवा घट्ट करून खास भट्टीत जाळता येते. मळीवर चालणाऱ्या आसवन्यांनी नदीत थेंबही सोडू नये, यासाठी केंद्राने २००३ सालापासून त्यांच्यामागे लकडा लावला आहे. दूध प्रकल्पात निवळी वाया न घालवता तिची भुकटी करतात. द्राक्षांच्या चोथ्याचे खत होते. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणतो, ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडलेली साखर, दूध आणि खतच असते.

"मग अडतं कुठं?" मी विचारले.

"हवा फुंकणाऱ्या यंत्रांचं विजेचं बिल महिन्याला येतं," तो म्हणाला. "नदीचं बिल कुणीच पाठवत नाही. गाळप लांबलं, टाक्या भरल्या, रात्र झाली, की कुणाचा तरी हात झडपेकडं जातो. त्या हाताला थांबवणारा माणूस वर बसलेला असला, तर नदी वाचते. आमच्याकडं आहे. सगळीकडं असेल असं नाही."

वडिलांच्या त्या रात्रीच्या प्रश्नाला हे उत्तर होते. कारखाना की मासे, असा तो पेच कधी नव्हताच. कारखानाही चालला असता आणि मासेही जगले असते. फक्त थोडा खर्च वाढला असता आणि कुणाला तरी रात्री जागे राहावे लागले असते. वडिलांना ते माहीत नव्हते. ज्यांना माहीत होते, त्यांच्या मुलांची फी आमच्यासारखी अडत नव्हती.

लंडनच्या थेम्स नदीची गोष्ट बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. १८५८ च्या उन्हाळ्यात तिच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे काम अवघड केले होते. १९५७ मध्ये तर शास्त्रज्ञांनी तिचा मोठा पट्टा जीवसृष्टीच्या दृष्टीने मृत ठरवला. पण सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, प्राणवायू परतला आणि १९७४ मध्ये तिच्यात पुन्हा सामन मासा सापडला. सव्वाशेहून अधिक वर्षांनी! नदी क्षमाशील असते. पाप थांबले, की ती मागचे फारसे उगाळत नाही.

बाटलीतला रंग

गेल्या मार्चमध्ये मी प्राणिशास्त्राच्या स्नेह्यांना घेऊन गावी गेलो. पहाटे आम्ही घाटावर उतरलो. आबा आता नाहीत. त्यांचा नातू नाशकात एका कारखान्यात नोकरीला आहे. सुट्टी होती म्हणून तोही आमच्याबरोबर आला. जाळे घरात आहे, पण ते टाकायला त्याला येत नाही.

स्नेह्यांनी काचेची एक बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरली. तिच्यात दोन औषधांचे थेंब सोडले. "१८८८ साली विंकलर नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने काढलेली ही युक्ती," ते म्हणाले. "पाण्यात प्राणवायू असेल तर गाळ तपकिरी होतो. नसेल तर पांढरा राहतो."

आम्ही तिघे त्या बाटलीकडे बघत राहिलो. बाटलीत ढगासारखे काही तरी पसरू लागले. आरंभी पांढरेच दिसले आणि माझ्या पोटात धस्स झाले. त्या पहाटेची पांढरी नदी आठवली. मग हळूहळू त्यात रंग चढला. फिकट, पातळ चहासारखा, पण तपकिरी.

"आहे," स्नेही म्हणाले. "थोडा आहे, पण आहे."

नातवाने बाटली हातात घेऊन उजेडासमोर धरली. "आबा हे बाटलीशिवाय सांगायचे," तो म्हणाला. "नुसता पाण्याचा वास घेऊन." मग त्याने विचारले, "सर, ही औषधं नाशकात कुठं मिळतात? दर मार्चला मी येऊन बघत जाईन म्हणतो."

स्नेह्यांनी खिशातली चिठ्ठी काढून त्याला दोन्ही औषधांची नावे लिहून दिली. एवढ्यात पाण्यात, पलीकडच्या दगडाजवळ, काहीतरी उसळले आणि वलये काठापर्यंत आली. कोणता मासा होता, ते मला ओळखता आले नाही. नातवालाही आले नाही. आबा असते, तर त्यांनी नाव सांगितले असते.